बडोद्याची खेळणी आणि कलेचे अभिलेख

समकालीन कला बालकांपर्यंत कशी न्यावी, या प्रश्नाचा विचार बहुधा दोन टोकांनी केला जातो. व्हिएन्ना येथे फ्रांझ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी वर्ग काढला. त्यांच्या अनुयायांचा आग्रह असा की, बालकाची चित्रे ही स्वयंपूर्ण कला असून प्रौढांनी त्यांत हात घालू नये. दुसरा पक्ष बालकास संग्रहालयात नेऊन प्रौढांची कला दाखवितो. पहिल्या पक्षात कलावंत दूर राहतो. दुसऱ्यात बालकाचे हात रिकामे राहतात. या दोहोंहून निराळा असा एक मार्ग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयातील ललितकला विभागात रुळला होता. त्याचा पुरावा आज मुख्यतः अभिलेखांतूनच शोधावा लागतो.

हा विभाग १९५० साली निघाला. मराठी वाचकांस सुपरिचित असलेले ना. श्री. बेंद्रे तेथे चित्रकला शिकवीत. १९५१ साली के. जी. सुब्रह्मण्यन् तेथे अध्यापक झाले. सुब्रह्मण्यन् हे शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या १९३० च्या बंगाली बालपाठासाठी नंदलालांनी चित्रे काढली होती, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. मुळाक्षरांच्या पुस्तकाची चित्रे काढणे हे काम अग्रगण्य चित्रकारास हलके वाटले नाही. पुढे सुब्रह्मण्यन् यांनीही मुलांसाठी पुस्तके लिहिली व स्वतःच सजविली. १९५९ ते १९६१ या काळात ते मुंबईस अखिल भारतीय हातमाग मंडळात होते, आणि कारागिराच्या कामाशी त्यांचा संबंध तेथे अधिकच दृढ झाला.

१९६० च्या दशकात या विभागात कलामेळे भरू लागले. अध्यापक व विद्यार्थी एकत्र बसून खेळणी व इतर वस्तू घडवीत आणि नागरिकांना अल्प किमतीत विकीत. सुब्रह्मण्यन् यांची खेळणी लाकूड, चामडे, मणी अशा साध्या साहित्याची असत. त्यांत प्राण्याचे हुबेहूब रूप नसते. लाकडाचा तुकडा धड होतो, चामड्याची पट्टी कान होते, मणी डोळा होतो. पण तुकडा तुकडाच राहतो आणि प्राणीही दिसतो. आधुनिक शिल्पातील जोडणीचे तत्त्व याहून वेगळे नाही. मात्र येथे ते व्याख्यानाने शिकवावे लागत नाही. मूल खेळणे उलटेसुलटे करून पाहते आणि हा कान कशाचा, ते आपणच ओळखते. माझ्या मते बालशिक्षणाच्या दृष्टीने बडोद्याचे खरे महत्त्व येथे आहे.

परंतु खेळणे खेळले गेले की मोडते. जे आज काचेच्या कपाटात सुस्थितीत आहे, ते बहुधा कोणा मुलाच्या हाती फारसे पडलेच नाही! उरतात ती रेखाटने, पत्रे, छायाचित्रे. हाँगकाँग येथे २००० साली स्थापन झालेल्या ‘एशिया आर्ट आर्काइव्ह’ या संस्थेने सुब्रह्मण्यन्, ज्योती भट्ट, रतन परिमू व गुलाममोहम्मद शेख या बडोद्याशी निगडित कलावंत-अध्यापकांचे कागद व छायाचित्रे संगणकीय रूपात आणली आहेत. हे कार्य निःसंशय मोलाचे होय. तथापि छायाचित्रात खेळण्याचे वजन येत नाही, त्याची हालचाल येत नाही, ते मुलाच्या मुठीत मावत होते की नाही हेही पुष्कळदा कळत नाही.

शिवाय कलेच्या नोंदपत्रकाची घडणच चित्रासाठी झालेली असते. कर्ता, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार, हे त्याचे रकाने. मेळ्यातील खेळण्यास शीर्षक नसे. आकृती एकाची, कापणी दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचा असू शके. अशा वस्तूपुढे एकच नाव लिहिले की मेळ्याचे सामुदायिक स्वरूप त्या रकान्यातच नाहीसे होते, आणि नाव लिहिलेच नाही तर वस्तू शोधास सापडत नाही. म्हणून ‘माध्यम : लाकूड’ एवढ्याने भागू नये. सांधा खिळ्याचा की दोराचा, कोणता भाग हलतो, तुकडा मुद्दाम कापलेला की सुताराकडील उरलेला, किती हात लागले, हे लिहिले पाहिजे. प्राथमिक शाळेतील शिक्षकास खेळण्याच्या कर्त्याच्या कीर्तीपेक्षा ही माहितीच उपयोगी. तिच्या आधारे तो वर्गात उरल्यासुरल्या लाकडातून नवे काही घडवून घेऊ शकतो, नुसती नक्कल करवीत बसत नाही.

ही माहिती कागदांत थोडी आहे. बरीचशी माणसांच्या स्मरणात आहे. सुब्रह्मण्यन् २०१६ साली निवर्तले. पहिल्या मेळ्यांत करवत धरलेले विद्यार्थी आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापुढे ही छायाचित्रे ठेवून एकेका सांध्याविषयी विचारणे, आणि शक्य तेथे तो सांधा त्यांच्याकडून पुन्हा करवून घेणे, हे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधाचा विषय म्हणून हाती घेण्यास योग्य आहे. त्यास विलंब परवडणारा नाही.