पडदा जोडला आहे की नाही? संगणकाच्या गाभ्यातील एका दुरुस्तीची छाननी

शाळेच्या वर्गात किंवा पंचायतीच्या सभागृहात संगणकाची तार प्रोजेक्टरला जोडली, की भिंतीवर चित्र उमटावे अशी आपली अपेक्षा असते. बहुधा ते उमटतेही. परंतु तार जोडल्याची वार्ता संगणकाला कोण देतो आणि ती चुकीची ठरल्यास काय होते, याचा विचार सहसा केला जात नाही. या साध्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या आज्ञावलीत चार ओळी बदलावयाच्या असल्या, तरी अनेक जाणकारांना त्यांची कसून तपासणी करावी लागते. ती का व कशी केली जाते, याची माहिती येथे देत आहोत.

गाभा आणि चालक

संगणकाच्या यंत्रभागांवर नियंत्रण ठेवणाऱ्या मूळ आज्ञावलीस ‘कर्नल’ म्हणजे गाभा म्हणतात. १९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स हा गाभा लिहावयास प्रारंभ केला. तो सर्वांस खुला आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही प्रणालीही याच गाभ्यावर उभी आहे. प्रत्येक यंत्रभागासाठी गाभ्यात स्वतंत्र ‘ड्रायव्हर’ अर्थात चालक असतो. पडद्याची चौकशी करणे हे दर्शन-चालकाचे काम होय.

चौकशीच्या रीती

पहिली रीत विजेच्या खुणेची. एचडीएमआय जोडणीतील १९ क्रमांकाच्या पिनेवर पडद्याकडून विद्युत्‌दाब आला, की काहीतरी जोडले गेले असे चालक समजतो.

दुसरी रीत ओळखपत्र वाचण्याची. बहुतेक पडद्यांत ‘ईडीआयडी’ नावाची १२८ बाइटांची नोंद साठविलेली असते. तीत उत्पादक, प्रतिकृती, चित्राचा आकार इत्यादी तपशील असतो. या सर्व १२८ अंकांची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली पाहिजे, असा नियम आहे. बेरीज जुळली नाही, तर वाचनात दोष आहे असे कळते.

तिसरी रीत जुन्या, १५ पिनांच्या व्हीजीए जोडणीसाठी. येथे चालक तारेवर क्षणभर दाब देऊन पलीकडे भार आहे काय, हे अजमावतो. मात्र चालू पडद्यावर हा प्रयोग केल्यास चित्र लुकलुकण्याचा संभव असतो. म्हणून ही रीत जपून वापरावी लागते.

जेथे आपण होऊन खूण येत नाही, तेथे लिनक्सचा गाभा दर १० सेकंदांनी फेरचौकशी करू शकतो.

ठिगळ आणि त्याची छाननी

गाभ्यातील दुरुस्ती ज्या स्वरूपात सुचविली जाते, तिला ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात. समजा, एकाने असे ठिगळ सुचविले की, ओळखपत्र वाचता न आल्यास ‘पडदा जोडलेला नाही’ असे उत्तर द्यावे. सुचविणाऱ्याच्या मेजावरील पडद्यावर हे निर्दोष चालेल. छाननी करणारा मात्र निराळे प्रश्न विचारतो. तार लांब असून वाचन बिघडले तर? मध्ये जोडलेल्या साधनाने ओळखपत्र पुढे पाठविलेच नाही तर? जुन्या प्रोजेक्टरची नोंद मुळातच सदोष असेल तर? अशा ठिकाणी कालपर्यंत दिसणारे चित्र नव्या आवृत्तीनंतर नाहीसे होईल. उलट, नसलेला पडदा ‘आहे’ असे सांगितले, तर खिडक्या त्या अदृश्य पडद्यावर जातील आणि वापरणाऱ्यास त्या सापडणार नाहीत.

खानेसुमारीचा प्रगणक दाराला कुलूप दिसले म्हणून ‘येथे कोणी राहत नाही’ अशी नोंद करीत नाही. तो पुन्हा जातो, शेजाऱ्यांस विचारतो. त्याचप्रमाणे लिनक्सच्या चालकास तीन उत्तरे देता येतात: जोडलेला, न जोडलेला आणि अनिश्चित. ‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ यांची गल्लत ठिगळाने केली आहे काय, हे पाहणे हा छाननीचा मर्मभाग होय.

याखेरीज आणखी काही गोष्टी पाहिल्या जातात. चौकशी चालू असता संगणक खोळंबतो काय? निद्रावस्थेतील यंत्रभाग विनाकारण जागा होतो काय? बदल का केला, याचे कारण स्पष्ट लिहिले आहे काय? २००४ पासून प्रत्येक ठिगळाखाली ते पाठविणाऱ्याने आपल्या नावाने ग्वाही देण्याची प्रथा आहे. तपासणाऱ्याचे व चाचणी करणाऱ्याचे नावही नोंदता येते. त्यामुळे पुढे दोष आढळल्यास विचारणा कोणाकडे करावी, हे कळते. चालत आलेले काम नव्या बदलामुळे बंद पडता कामा नये, हा लिनक्सचा दंडक आहे. असे घडल्यास बदल सुधारला जातो किंवा मागे घेतला जातो.

आपला वाटा

छाननी करणाऱ्यांपाशी जगातील प्रत्येक पडदा नसतो. म्हणून वापरणाऱ्यांची तक्रार मोलाची ठरते. नवी आवृत्ती घातल्यावर प्रोजेक्टर दिसेनासा झाला, तर ‘चालत नाही’ एवढेच कळवून भागत नाही. साधनाची प्रतिकृती, जोडणीचा प्रकार आणि तारेची लांबी लिहावी. गाभ्याच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत चित्र दिसत होते व कोणत्या आवृत्तीपासून थांबले, हेही कळवावे. एखाद्या शिक्षकाने नीट लिहिलेल्या अशा चार ओळींमुळे तेच जुने साधन वापरणाऱ्या इतर शाळांची अडचणही दूर होऊ शकते.