आवाज कमी केला तरी लाईट ठेक्यावर नाचतात! डीजेचे दिवे ताल ओळखतात तरी कसा?

भैंसा : गणपतीची मिरवणूक गड्डेन्ना वागूकडे निघाली की ट्रॉलीवरचे दिवे गाण्याच्या ठेक्यावर उघडझाप करू लागतात. मागच्या एलईडी पडद्यावरची चित्रंही त्याच ठेक्यावर उसळतात. आवाज कमी करा म्हटलं की उत्तर ठरलेलं : "आवाज कमी केला तर लाईट नाचत नाहीत." भैंसा असो, भोकर असो की धर्माबाद, हे वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं. पण ते अर्धंच खरं आहे.

स्वस्तातला दिवा काय करतो?

साध्या एलईडी पार लाईटच्या पाठीमागे एक बारीक माईक असतो. आवाज ठराविक पातळीच्या वर गेला की दिवा रंग बदलतो. त्याला ताल कळत नाही, फक्त मोठा आवाज कळतो. शिट्टी, फटाका, गाडीचा हॉर्न, सगळं त्याला सारखंच. आवाज खरंच कमी केला तर हा दिवा गप्प बसतो. मंडळवाल्यांचा अनुभव इथूनच आलेला.

खरा हिशोब सरासरीचा

कंट्रोलर किंवा लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर वेगळं काम करतं. ते आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतं आणि १,०२४ नमुन्यांचा एक असे तुकडे पाडतं. एक तुकडा साधारण २३ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ४३ तुकडे. प्रत्येक तुकड्यात किती जोर आहे ते मोजायचं आणि मागच्या एका सेकंदाच्या सरासरीशी ताडून पाहायचं.

दुकानाच्या गल्ल्यासारखंच हे. रोजची सरासरी विक्री १० हजार असेल आणि आज १५ हजार झाली, तर आज बाजाराचा दिवस आहे हे न विचारता कळतं. छोट्या दुकानात सरासरी २ हजार आणि आज ३ हजार, तरी अर्थ तोच. सॉफ्टवेअरही तसंच बघतं : सरासरीच्या दीडपट जोर आला की तो ठोका. आवाज निम्मा केला तर सरासरीही निम्मी होते, प्रमाण तेच राहतं. त्यातही मिक्सरमधून थेट केबल दिली असेल, तर बाहेर स्पीकर किती वाजतोय याच्याशी लाईटचा संबंधच उरत नाही.

ढोल वेगळा, ताशा वेगळा

डीजेच्या गाण्यात सगळंच सतत जोरात असतं, त्यामुळे एकट्या सरासरीवर भागत नाही. म्हणून आवाजाचे जाड-बारीक पट्टे वेगळे काढतात. त्यासाठीची झटपट गणिती रीत कूली आणि टुकी या दोघांनी १९६५ मध्ये मांडली. ढोलाचा किंवा बेसचा ठोका साधारण १५० हर्ट्झच्या खाली सापडतो. ताशा आणि हलगीची कडकड बरीच वर असते. फक्त बेसवर लावलेली यंत्रणा तीनमारच्या ठेक्यात म्हणूनच चुकते. कुठला पट्टा धरायचा हे वाद्य बघून ठरवावं लागतं.

दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर पडत राहिलं तर लय मिनिटाला १२०. ही लय एकदा सापडली की पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज आधीच बांधता येतो. मागे उभ्या असलेल्यांना मात्र लाईट थोडी पुढे पळतेय असं वाटतं. दोष यंत्राचा नाही. आवाज ०.१ सेकंदात जेमतेम ३४ मीटर जातो, प्रकाश लगेच पोचतो.

डोळ्यांचा प्रश्न

ताशाच्या प्रत्येक टिपरीला पांढरा लखलखाट जोडला तर तो सेकंदाला आठ-दहा वेळा होतो. ज्यांना प्रकाशामुळे फिट येते, त्यांना सेकंदाला ३ ते ३० लखलखाट धोक्याचे. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ ला एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटाने सहाशेहून जास्त लोकांना, त्यातही बहुतेक मुलांना, दवाखान्यात न्यावं लागलं होतं. संगणकाच्या पडद्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय निकष सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको असं सांगतो. उपाय सोपा आहे. एका लखलखाटानंतर ०.३५ सेकंद दुसरा होऊ द्यायचा नाही, एवढी सेटिंग करायची.

लेझरचं गणित आणखी कडक. ताल संपला की किरण जागेवर थांबतो, आणि तो गर्दीतल्या कुणाच्या डोळ्यांवर थांबला तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते. किरण माणसांच्या डोक्यांवरूनच गेला पाहिजे. लेझर न लावणं हे त्याहून बरं.

बुकिंगच्या वेळी तीन प्रश्न

लाईट नांदेडहून येवो की निजामाबादहून, मंडळाने एवढं विचारावं : लाईटला मिक्सरमधून थेट लाईन देणार का? दोन लखलखाटांत किती अंतर ठेवणार? लेझर आहे का, आणि असेल तर त्याचं तोंड कुठे?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि हे नियम सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच लागू आहेत. लाईटच्या नावाखाली आवाज वाढवण्याचं कारण मात्र आता उरलेलं नाही.