‘करंज’ पाणबुडीची चौतीस वर्षें

आम्हां शुक्रवार पेठेंतील मंडळींस पाणी म्हटलें कीं सिद्धेश्वराचा तलाव आठवतो. समुद्र फार दूर. तथापि मुंबईनजीकच्या करंजा बेटाचें नांव घेऊन जी पाणबुडी चौतीस वर्षें आपल्या आरमारांत वावरली, तिची हकीकत आमच्या वाचकांस रुचेल असें वाटतें.

ता. ४ सप्टेंबर १९६९ रोजीं सोव्हिएट संघांतील रिगा बंदरीं ती दाखल झाली. पहिले कप्तान कमांडर सामंत. लांबी सुमारें ९१ मीटर, टॉर्पेडोच्या नळ्या दहा. पाण्यावर असतां डिझेल यंत्रांनीं चालावयाचें व बुडी मारल्यावर त्याच यंत्रांनीं भरलेल्या बॅटऱ्यांवर. बॅटरी उतरली कीं पृष्ठाजवळ येऊन हवेची नळी वर काढणें प्राप्त. आणि शत्रूच्या दृष्टीस पडण्याची वेळ नेमकी तीच! सुमारें पाऊणशें माणसें त्या लोखंडी नळकांड्यांत राहत. गोडें पाणी इतकें मोजून मिळे कीं स्नानाची गोष्टच नको. नळाची वाट पाहणाऱ्या सोलापूरच्या गृहिणींस याचें मर्म सांगणें नलगे.

१९७१ च्या युद्धांत कमांडर शेखावत यांच्या हाताखालीं ‘करंज’ पाकिस्तानच्या किनाऱ्यानजीक गस्तीवर होती. परंतु जहाज शत्रूचेंच अशी निःसंशय ओळख पटल्यावांचून टॉर्पेडो सोडूं नये, असा सक्त हुकूम होता. तिच्या हातून एकही जहाज बुडालें नाहीं. उलट ता. ९ डिसेंबर रोजीं पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनें आपली ‘खुकरी’ बुडविली. कॅप्टन मुल्ला यांसह १८ अधिकारी व १७६ नाविक गेले. मग ‘करंज’नें केलें तरी काय, असें विचारणारे भेटतात. आम्हांस हा प्रश्न अन्यायाचा वाटतो.

कारण दुसऱ्याच दिवशीं पूर्वेकडे काय घडलें पाहा. सामंत तेव्हां मुक्तिवाहिनीच्या खलाशांसह गनबोटी घेऊन खुलन्यावर चालून गेले होते. आपल्याच विमानांनीं ओळख चुकून मारा केला आणि ‘पद्मा’ व ‘पलाश’ या दोन बोटी बुडाल्या. ‘पनवेल’वरून सामंतांनीं पाण्यांत पडलेल्यांस वर घेतलें व कामगिरी पुढें चालविली. त्यांस महावीरचक्र मिळालें. शेखावतांस गस्तीबद्दल वीरचक्र, व पुढें ते नौदलप्रमुखही झाले.

जुनी ‘करंज’ ता. १ ऑगस्ट २००३ रोजीं निवृत्त झाली. माझगांव गोदींत बांधलेली नवी ‘करंज’ ता. १० मार्च २०२१ रोजीं मुंबईस दाखल झाली, तेव्हां प्रमुख पाहुणे शेखावतच होते. सामंत दोन वर्षांपूर्वींच निवर्तले होते.