पेठ सोडून गेलेला पोरगा

तंजावरहून पट्टुकोट्टैचा रस्ता धरला की कावेरीच्या कालव्यांवर पोसलेली भातशेती दोन्ही अंगांनी सोबत करते, आणि तासाभराच्या आत ओरत्तनाडु येतं. मी तिथे गेलो होतो ते मुक्तांबाळ छत्रम् पाहायला. सरफोजी राजे दुसरे यांनी आपल्या लवकर निवर्तलेल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बांधलेलं हे अन्नछत्र. सोबत तंजावरचेच एक निवृत्त शिक्षक होते. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे. त्यांच्या मराठीत आपल्याकडून कधीच हरवलेले शब्द अजून रोजच्या वापरात आहेत.

वास्तू पाहून झाली, पण माझं लक्ष गेलं ते जवळच्या मोकळ्या जागेवर फुटबॉल खेळणाऱ्या पोरांकडे. कोल्हापूरच्या माणसाचं दुसरं काय होणार? दहा-बारा पोरं अनवाणी खेळत होती आणि त्यातलं एक डाव्या पायाचं पोरगं असं होतं, की चेंडू त्याच्याकडे गेला की बाकीच्यांचे पाय आपोआप मंदावत. गुरुजींनी चौकशी केली. त्या पोराला जिल्ह्यातल्या दोन शाळा बोलावत होत्या. दोन्ही एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. एकीत त्याचा थोरला भाऊ शिकलेला, दुसरीत शिकवणारा प्रशिक्षक चांगला. घरात दोन तट पडले होते. आई म्हणत होती भावाच्या शाळेत जा, पोराचं मन दुसरीकडे होतं.

मला तिथल्या तिथे शाहू स्टेडियम आठवलं. गेली चाळीस वर्षं मी त्या मैदानाच्या पायऱ्यांवर बसत आलोय आणि या एकाच प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही: आपल्याच माणसांना सोडून समोरच्या संघात जाणाऱ्या पोराला आपण काय म्हणायचं?

तालीम म्हणजे काय

आधी थोडी पार्श्वभूमी. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावरला भोसल्यांची गादी उभी केली, आणि ताराराणींनी अठराव्या शतकाच्या आरंभी करवीरची, म्हणजे कोल्हापूरची. दोन्ही घराणी शहाजीराजांच्याच वंशातली. तंजावरचं राज्य १८५५ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, कोल्हापूर संस्थान १९४९ पर्यंत टिकलं. फुटबॉल इंग्रजांबरोबर आला, पलटणींतून कॉलेजांत आणि कॉलेजांतून गल्लीत उतरला. कोल्हापुरात छत्रपती घराण्याने त्याला आश्रय दिला आणि १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. इतिहास एवढा पुरे, कारण मला सांगायचंय ते तालमींबद्दल.

बाहेरगावच्या वाचकाला वाटतं, तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. तसा तो होताच. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला जी प्रतिष्ठा दिली, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं, त्या काळात पेठेपेठेतली तालीम ही तिथल्या तरुणांची दुसरी आईच झाली. पण कोल्हापुरात तालमीचा पसारा लाल मातीपाशी थांबत नाही. गल्लीचा गणपती तालमीचा. मोहरमचा पंजाही कित्येक ठिकाणी त्याच तालमीत बसतो. लग्नाला मांडव घालायला पोरं तालमीची, मयताला खांदाही तालमीचाच. आणि फुटबॉलचा संघ तालमीचा.

म्हणून पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस ही नावं आम्हाला नुसत्या संघांची वाटत नाहीत, ती घराण्याची नावं वाटतात. पाटाकडील आणि शिवाजी यांचा सामना असला की दुपारपासून शहराचा सूर बदलतो. दुकानातला नोकर मालकाकडे सुट्टी मागत नाही, कारण मालकच आधी शटर ओढून निघालेला असतो. पोलिसांचा बंदोबस्त लागतो. रात्री चहाच्या गाड्यावर हुकलेल्या एका पेनल्टीवर दोन-दोन तास वाद चालतात.

आता विचार करा. ज्या पोराचा गणपती, पंजा, लग्न, मयत सगळं एका तालमीत, तो पोरगा हंगामाआधीच्या नोंदणीत समोरच्या तालमीच्या नावावर सही करतो. नुसती जर्सी बदलणं इतकी ही सोपी गोष्ट नसते.

नोंदणीचे दिवस

पावसाळा संपला, दिवाळीचे फटाके विझले की कोल्हापुरात खेळाडूंच्या नोंदणीची कुजबुज सुरू होते. मला हे दिवस हंगामाइतकेच प्रिय आहेत. कोण कुणाकडे चाललाय, कुणाच्या घरी कोण चहाला बसलं होतं, कुणाला नोकरीचा शब्द मिळाला, सगळ्या गल्ल्यांना सगळं ठाऊक असतं. ‘खेळाडू फोडला’ हा शब्दप्रयोग आमच्याकडे सर्रास चालतो. तो मला कधीच आवडला नाही. फोडायला तो काही नारळ नव्हे. त्याला स्वतःची बुद्धी असते, त्याचं स्वतःचं पोट असतं आणि हातात मोजकी वर्षं असतात. फुटबॉलपटूच्या पायातली ताकद फार तर पंधरा वर्षं टिकते. त्यातली दोन बाकावर गेली, तर ती त्याला कुणीही परत देत नाही.

आमच्या गल्लीतलीच गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण तो आज संसारी माणूस आहे. पोरगा आघाडीला खेळायचा. वेग असा की बचावपटू वळेपर्यंत हा पुढे. पण त्याच्या जागेवर तालमीचे दोन अनुभवी खेळाडू होते, तेही चांगलेच. सलग दोन हंगाम हा बाकावर बसला. तिसऱ्या वर्षी समोरच्या तालमीने विचारलं आणि हा गेला. गल्लीत भूकंप झाला. त्याच्या आईशी नळावर कुणी बोलेना. ज्या भिंतीवर त्याचा फोटो होता, तिथून तो उतरवला गेला. त्या वर्षी त्याने नव्या संघाकडून गोल केले आणि आमच्या पायऱ्यांवरून त्याला जे ऐकावं लागलं, ते मी इथे लिहिणार नाही. मीही त्या पायऱ्यांवर होतो. मी ओरडलो नाही, पण ओरडणाऱ्यांना थांबवलंही नाही. ती बोच अजून गेलेली नाही.

पुढच्या गणपतीत तो आरतीला आला. सगळ्यांत मागे, चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहिला. आरती संपली. तालमीतले सगळ्यांत वयस्कर वस्ताद गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेले, हातावर प्रसाद ठेवला आणि एवढंच विचारलं, “तिकडं सरावाला किती वाजता बोलावत्यात रं?” पोरगा म्हणाला, “साडेपाचला, वस्ताद.” वस्ताद म्हणाले, “मग झोप लवकर.” त्या दिवसापासून गल्लीतलं बोलणं बदललं. वस्तादांनी त्याला माफ केलं असं मला वाटत नाही, कारण त्यांच्या लेखी माफ करण्यासारखं काही घडलंच नव्हतं. त्यांच्या दृष्टीने पोरगं खेळतंय, एवढं पुरे होतं.

अलाबामातला पोरगा

हीच गोष्ट जगात सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर घडते ती अमेरिकेत. तिथलं फुटबॉल आपलं नव्हे. तो लांबट चेंडूचा, शिरस्त्राण घालून खेळायचा खेळ. पण तो विद्यापीठं खेळतात, आणि शाळेतली गुणी पोरं मिळवण्यासाठी विद्यापीठं त्यांच्या उंबऱ्याशी जातात. शिष्यवृत्ती, राहणं, जेवण, शिक्षण असं सगळं पुढे ठेवलं जातं. पोरगा सही करतो तो दिवस गावात सणासारखा होतो. आणि जर त्याने आपल्याच राज्यातलं प्रतिस्पर्धी विद्यापीठ निवडलं, तर घरातल्या घरात वैर पडू शकतं.

अलाबामा राज्यात टस्कलूसाचं अलाबामा विद्यापीठ आणि ऑबर्न यांचं असंच वैर आहे. पहिला सामना १८९३ मध्ये झाला. १९०७ नंतर दोघांत असं बिनसलं की १९४८ पर्यंत ते एकमेकांशी खेळलेच नाहीत. याच राज्यातल्या बेसेमर गावात दहा भावंडांत आठवा असलेला बो जॅक्सन वाढला. १९८२ मध्ये न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाने त्याची निवड केली होती. हाती पैसा येत होता, पण तो कॉलेजात गेला. अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट म्हणजे त्या राज्यातलं दैवत. तिथे संघात जागा मिळायला काही वर्षं वाट पाहावी लागेल, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने ऑबर्न निवडलं. आमच्या गल्लीतल्या पोराचं आणि त्याचं कारण एकच होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन्ही संघ भिडले. ऑबर्न सलग नऊ वर्षं हरत आलं होतं. शेवटची अडीच मिनिटं उरली असताना बो जॅक्सनने बचावफळीच्या डोक्यावरून झेप घेत चेंडू रेषेपलीकडे नेला. ऑबर्न २३-२२ असं जिंकलं. ब्रायंट त्या हंगामानंतर निवृत्त झाले. १९८५ मध्ये बो जॅक्सनला कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाला, आणि मला या साऱ्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: अर्धवट राहिलेली पदवी त्याने १९९५ मध्ये, व्यावसायिक खेळ संपल्यावर, परत जाऊन पुरी केली.

अलीकडे तिथे सगळं झपाट्याने बदललं आहे. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. संघ बदलणंही पुष्कळ सोपं झालं. काहींना यात खेळाचा ऱ्हास दिसतो. मला वाटतं, घाम गाळणाऱ्याला वाटा मिळाला, हे योग्यच झालं.

आपल्याकडे याच्या जवळ जातं ते कोलकाता. १९२० मध्ये ईस्ट बंगाल जन्मालाच आलं ते एका खेळाडूला संघाबाहेर ठेवल्याच्या रागातून. तिथला ‘दलबदल’ म्हणजे आमच्या नोंदणीचा थोरला भाऊ. कृशानू डे आणि विकास पांजी ही जोडी १९८५ मध्ये मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेली, तेव्हाच्या गोष्टी तिथले म्हातारे अजून काल घडल्यासारख्या सांगतात.

दूर गेला तर अभिमान

आता आमच्या अनिकेत जाधवचं पाहा. कोल्हापूरचा रिक्षाचालकाचा मुलगा. लहानपणीच गाव सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. अमेरिका, कोलंबिया, घाना या तिघांशीही भारत हरला, तरी साऱ्या कोल्हापूरची छाती फुगली होती. तो गाव सोडून गेला म्हणून कुणी त्याला नाव ठेवलं का? नाही. पोरगा पुण्याला गेला तर आपण हार घालतो, आणि तोच दोन गल्ल्या ओलांडून गेला तर तोंड फिरवतो. दोघं निघाले एकाच कारणाने, शिकायला आणि खेळायला मिळावं म्हणून. फरक अंतराचा आहे, आणि अंतरावरून निष्ठा मोजणं मला पटत नाही.

कॉलेजांच्या सामन्यांत हे आपण सहज स्वीकारतो. शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धेत एकाच तालमीचे दोन दोस्त वेगवेगळ्या कॉलेजांकडून समोरासमोर उभे राहतात, नव्वद मिनिटं एकमेकांना रेटतात आणि संध्याकाळी एकाच गाडीवरून घरी येतात. तिथे कुणी गद्दार नसतो.

सरफोजींचं पत्र

म्हणूनच ओरत्तनाडुला मला जे सापडलं, ते सांगायलाच हवं. सरफोजी राजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंट टॉरिन याला तंजावरच्या छत्रांविषयी एक पत्र लिहिलं. छत्रांवर कंपनीने हात टाकू नये, अशी त्यांची तळमळ होती. त्या पत्रात छत्रांत काय काय चालतं, ते त्यांनी बारकाईने मांडलं आहे. वाटसरूंना जेवण, आजाऱ्यांना औषध, आणि परक्यांच्या अनाथ मुलांना तर दिवसातून तीनदा अन्न, अंगाला तेल, कपडे, शिक्षण. कोणतं शिक्षण? तर मुलांना स्वतःला ज्या विद्येची आवड असेल, ते. ती विद्या पुरती अवगत झाली की त्यांच्या लग्नाचा खर्चसुद्धा छत्राचा.

मी ते गुरुजींना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “जेवू घातलं म्हणजे मालकी झाली, असं राजांना वाटलं नसावं.”

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जी वसतिगृहं काढली, तीही याच भावनेची. ज्यांना तिथे अन्न मिळालं, ते शिकून कुठेही गेले. महाराजांनी कुणाचा रस्ता अडवला नाही. एकाच कुळातले हे दोन राजे, एक कावेरीकाठचा आणि एक पंचगंगेकाठचा. पोसायचं, शिकवायचं आणि मोकळं सोडायचं, हे दोघांनाही जमलं.

निघताना त्या डावखुऱ्या पोराला मी खुणेनेच विचारलं, कुठे जाणार? त्याने प्रशिक्षक चांगला असलेल्या शाळेच्या दिशेला बोट केलं. गुरुजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कोल्हापुरात नोंदणीची कुजबुज सुरू झालेली असेल. यंदाही कुणीतरी पेठ सोडेल. पेठेतल्या थोरांना माझं हात जोडून एवढंच सांगणं आहे: त्याचा फोटो भिंतीवरून उतरवू नका, त्याच्या आईशी नळावर बोलणं टाकू नका, आणि आरतीला तो मागे उभा दिसला, तर त्याला पुढे बोलवा.