आरसी कोॲक्सिअल हेलिकॉप्टर अपग्रेड करताय? आधी हे तपासा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या आरसी हेलिकॉप्टरला एकाच संध्याकाळी तीन नवीन गोष्टी बसवल्या: ॲल्युमिनियमचं रोटर हेड, ॲल्युमिनियमची स्वॅशप्लेट आणि मोठी बॅटरी. लगेच हॉलमध्ये उडवायला घेतलं. फूटभर वर गेलं आणि थरथरायला लागलं. घाबरून मी स्टिक झटक्यात उलटी ओढली, तशी वरची आणि खालची पाती एकमेकांवर आपटली. एक तुकडा उडून माझ्या भाचीच्या चष्म्यावर लागला. काचेवर चरा पडला, तिला काही झालं नाही. पण चष्मा नसता तर?

नंतर सगळं उघडून पाहिलं. आतला शाफ्ट वाकलेला होता, आणि तोही बहुतेक आधीच्याच कुठल्या तरी आपटण्यात. नवे पार्ट चांगले होते, पण मी तपासणी केलीच नव्हती. शिवाय तीन बदल एकदम केल्यामुळे गडबड कुठे आहे हे शोधायला तीन दिवस गेले. तुमचे तीन दिवस वाचावेत म्हणून हा लेख.

हे हेलिकॉप्टर उडतं कसं?

कोॲक्सिअल म्हणजे एकाच अक्षावर दोन रोटर, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे. साध्या हेलिकॉप्टरमध्ये रोटर एका बाजूला फिरला की बॉडी उलट बाजूला फिरू पाहते आणि तिला रोखायला शेपटीवर छोटा पंखा लागतो. इथे दोन रोटर एकमेकांचा हा जोर मोडून काढतात. भारतीय नौदलाचं कामोव्ह का-३१ याच पद्धतीचं आहे. मंगळावर १९ एप्रिल २०२१ रोजी पहिल्यांदा उडालेलं नासाचं इन्जेन्युइटीसुद्धा कोॲक्सिअलच.

आपल्या छोट्या मॉडेलमध्ये बाहेरचा पोकळ शाफ्ट खालचा रोटर फिरवतो आणि त्याच्या आतून गेलेला बारीक शाफ्ट वरचा. दोघांना वेगवेगळी मोटर असते. दोन्ही मोटर सारख्या वाढवल्या की हेलिकॉप्टर वर जातं, एकीचा वेग कमी-जास्त केला की नाक वळतं. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे नेण्याचं काम खालच्या रोटरची स्वॅशप्लेट करते. ती दोन सर्व्होंनी तिरकी होते.

सगळ्यात वर टोकांना वजनं असलेला दांडा दिसतो, तो फ्लायबार. तो भोवऱ्यासारखा आपली पातळी धरून ठेवतो. बॉडी कलली तरी वरचा रोटर तिला सावरतो. नवख्या माणसाच्या हातातही हे हेलिकॉप्टर शांत उभं राहतं ते या दांड्यामुळे. म्हणून वरचा रोटर, फ्लायबार आणि आतला शाफ्ट या तिघांत थोडा जरी दोष आला, तरी सगळं उडणं बिघडतं.

अपग्रेडच्या आधीची तपासणी

बॅटरी काढून ठेवा आणि मग सुरुवात करा.

१. आतला शाफ्ट: हेलिकॉप्टर डोळ्यांच्या पातळीवर धरून वरचा रोटर हाताने सावकाश फिरवा. शाफ्टचं वरचं टोक गोल गोल डुलत असेल तर शाफ्ट वाकलाय. तो सरळ करत बसू नका, बदला.

२. पाती: कडेला चीर, खाच किंवा पांढरट रेघ दिसली तर पातं बाद. स्क्रू फार आवळलेला नको. हलक्या धक्क्याने पातं मागे-पुढे झालं पाहिजे.

३. फ्लायबार: बोटाने हलवल्यावर कुठेही न अडकता झुलला पाहिजे. त्याच्या लिंक आपटल्यावर बऱ्याचदा निसटतात.

४. गिअर: मोटरचा छोटा गिअर आणि मोठा गिअर यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून फिरवा. पट्टीवर दातांचे ठसे उमटले आणि कागद फाटला नाही, तर अंतर बरोबर आहे.

५. तोल: फ्लायबार बॉडीला आडवा करून त्याच्या दोन्ही बाजूंना बोटं लावून हेलिकॉप्टर उचला. ते सपाट लटकलं पाहिजे. नाक खाली जात असेल तर बॅटरी थोडी मागे सरकवा.

आता फोन कामाला लावा. एका पात्याच्या टोकाला रंगीत टेपचा छोटा तुकडा लावा आणि समोरच्या पात्याला तेवढाच दुसऱ्या रंगाचा. फोन स्टँडवर ठेवून लांबून, रोटरच्या पातळीवरून, २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. दोन्ही रंग एकाच रेषेत फिरले पाहिजेत. एक वर आणि एक खाली दिसला तर पात्यांची जोडी जमलेली नाही. थरथर बऱ्याचदा इथूनच येते.

काय बदलावं, काय नको?

मेटल म्हणजे मजबूत, असं मलाही वाटायचं. पण या हेलिकॉप्टरमधला प्लास्टिकचा स्वस्त पार्ट घरातल्या फ्यूजसारखा असतो. आपटल्यावर तो तुटतो आणि बाकीचं वाचतं. तिथे ॲल्युमिनियम बसवलं की ते स्वतः तुटत नाही, धक्का पुढे ढकलतं. मग शाफ्ट वाकतो किंवा गिअरचे दात जातात. मेटल हेडमुळे खिळखिळेपणा कमी होतो हे खरं, पण ते हात बसल्यानंतर घ्या.

सुरुवातीला पैसे इथे घाला: जास्तीच्या पात्यांच्या दोन जोड्या, एक जास्तीचा आतला शाफ्ट, चांगली बेअरिंग आणि मोटरवर बसणारे हीटसिंक. मोठी बॅटरी मात्र विचार करून घ्या. उडण्याचा वेळ वाढतो, पण वाढलेलं वजन मोटरना सतत ओढावं लागतं. ब्रश असलेल्या छोट्या मोटर तापून लवकर जातात.

प्रत्येक बदलानंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. ब्लेड सीएक्स टू हे या प्रकारातलं प्रसिद्ध मॉडेल बॅटरीसकट सुमारे २२७ ग्रॅमचं. भारताच्या ड्रोन नियम २०२१ मध्ये २५० ग्रॅमपर्यंतचा वर्ग नॅनो धरला जातो. म्हणजे हातात २३ ग्रॅम उरतात, आणि मेटल पार्ट अधिक मोठी बॅटरी एवढ्यात ते सहज संपतात. बाहेर उडवणार असाल तर डिजिटल स्काय वेबसाइटवरच्या नकाशात तुमची जागा कुठल्या झोनमध्ये येते तेही बघा.

बॅटरीशी मस्करी नको

दोन सेलची लिपो बॅटरी ७.४ व्होल्टची म्हणून विकतात. पूर्ण चार्ज झाली की ८.४ व्होल्ट, म्हणजे सेलला ४.२. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा खराब होऊ शकतो, म्हणून हेलिकॉप्टर मरगळल्यासारखं वाटलं की लगेच उतरवा. ८०० एमएएचची बॅटरी ०.८ अँपिअरवर चार्ज करा. चार्जर लिपोसाठीचाच हवा. बॅटरी फरशीवर ठेवा, गादीवर नाही, आणि चार्जिंग चालू असताना घराबाहेर जाऊ नका. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, टोचायची नाही. ती ई-कचऱ्यात द्या.

पहिलं उड्डाण

आधी रिमोट चालू करा, थ्रॉटल पूर्ण खाली ठेवा, मग हेलिकॉप्टरला बॅटरी जोडा आणि जायरो सेट होईपर्यंत ते हलवू नका. बंद करताना उलटा क्रम: आधी हेलिकॉप्टर, मग रिमोट.

गुडघ्याएवढ्या उंचीवर अर्धा मिनिट धरा. नाक एका बाजूला वळत असेल तर रडर ट्रिम द्या. ट्रिम पुरत नसेल तर कंट्रोल युनिटवरचा प्रपोर्शनलचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवा. शेपूट सारखी डावी-उजवी हलत असेल तर गेन कमी करा. उतरवून मोटरला बोट लावा. बोट ठेववत नसेल तर त्या दिवसाचं उडवणं तिथेच थांबवा. सगळं ठीक असेल तरी पुढच्या बॅटरीआधी दहा मिनिटं मोटर गार होऊ द्या.

स्टिक कधीही झटक्यात उलटी ओढू नका. पाती एकमेकांवर आपटतात ती तेव्हा, किंवा वाऱ्यात वेगाने पुढे नेताना.

माझा नियम आता साधा आहे: एका वेळी एकच बदल, मग वजन, मग गुडघ्याएवढं उड्डाण, आणि तारीख टाकून फोनमध्ये नोंद. भाची अजूनही बघायला येते. फक्त आता ती तीन मीटर लांब बसते, आणि गॉगल आम्ही दोघंही घालतो.