स्मृतीच्या वाटांचा नकाशा

घरांतील वृद्ध मंडळी पन्नास वर्षांपूर्वींच्या लग्नांतील पंगतीचें वर्णन बिनचूक करितात, आणि तासाभरापूर्वीं आपण जेवलों हें मात्र साफ विसरतात. "मला कोणीं वाढलेंच नाहीं" असें शेजारणीपाशीं बोलणें होतें, आणि सुनेला नाहक बोल लागतो. हा हट्ट नव्हे. या विसराचें मूळ मेंदूंत कोठें आहे, तें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

दोन्ही कानशिलांच्या आंत खोलवर करंगळीएवढा एकेक वांकडा भाग असतो. आकारावरून त्यास हिप्पोकँपस, म्हणजे समुद्रघोडा, हें नांव पडलें. त्याचें कार्य कळलें तें मात्र एका दुर्दैवी प्रसंगानें. १९५३ सालीं अमेरिकेंत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकण्यांत आला. झटके कमी झाले, बाळपणही आठवे, परंतु नवी गोष्ट मनांत टिकेना. ब्रेंडा मिल्नर या विदुषी वर्षानुवर्षें त्यांची परीक्षा घेत, पण मोलेसन यांस त्या दर खेपेस अनोळखीच!

या भागाच्या शेजारीं एक देवडी आहे. सर्व ज्ञानेंद्रियांच्या वार्ता तेथें येतात, एका तंतुमार्गानें आंत शिरतात, आणि दोनतीन टप्पे घेऊन परत बाहेर पडतात. जनावरांत रंगद्रव्य टोंचून असे मार्ग शोधतां येतात. जिवंत माणसांत तें कसें करावें? येथें चुंबकीय प्रतिमायंत्र उपयोगी पडतें. तंतूंच्या लांबीच्या दिशेनें पाण्याचे कण सहज सरकतात, आडवे तितके सरकत नाहींत. त्यांच्या चालीवरून तंतूची दिशा ताडतां येते. अर्थात् हा तर्कच. वार्ता कोणीकडून कोणीकडे जाते हें त्यावरून मुळींच कळत नाहीं, आणि जिवंत मेंदूंत हे बारीक तंतू एकमेकांत मिसळून अस्पष्ट दिसतात. म्हणून अशा रंगीत चित्रांवर एकदम विसंबूं नये, असें आमचें मत आहे.

मृत्यूनंतर दान दिलेल्या मेंदूची प्रतिमा पुष्कळ तास घेतां येते. २०१० सालीं बोस्टन येथील संशोधकांनीं त्या देवडींतून निघणारा मार्ग मानवी मेंदूंत अशा रीतीनें प्रत्यक्ष दाखविला. आल्झायमरच्या विकारांत पहिला घाला प्रायः याच देवडीवर पडतो. जुन्या आठवणी इतरत्र रुजलेल्या असल्यामुळें त्या मागाहून जातात.

मोलेसन २००८ सालीं वारले. त्यांच्या मेंदूचे सॅन डिएगो येथें २४०१ पातळ काप करून ते अभ्यासासाठीं जपून ठेविले आहेत.