सिसिलीतले संत्र्याचे सॅलड

इटलीच्या सिसिली बेटावर हिवाळ्यात संत्र्याचे सॅलड करतात. तेही मीठ-मिरी घालून. एटना ज्वालामुखीच्या परिसरातली तांबडी संत्री त्यासाठी उत्तम. तिथल्या उबदार दिवसांमुळे आणि गार रात्रींमुळे गरात अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होते. खरे कसब साल काढण्यात आहे: सुरीने ती उतरवताना आतला पांढरा, कडवट थर जराही राहता कामा नये. मग आडव्या चकत्या कापायच्या. सोबत बडीशेपेच्या एका जातीचा पांढरा, कुरकुरीत गड्डा अगदी पातळ चिरून, थोडा लाल कांदा, काळी ऑलिव्ह. वरून मीठ, मिरपूड, ऑलिव्ह तेल. व्हिनेगर कशाला? आंबटपणा संत्र्यातच असतो. मिठाने लगेच पाणी सुटते, म्हणून ते वाढतानाच घालावे. ताटलीतला तेलकट रस पावाने टिपून खावा.